सरासरीचा रोगी

आमवात जडलेला माणूस डॉक्टरांना विचारतो तें एवढेंच : पांच वर्षांनीं हे हात चालतील काय? उत्तर द्यावयाचें तर रोगाची चाल आधीं मोजली पाहिजे. जॉन शार्प या अमेरिकन डॉक्टरांनीं १९७१ सालीं त्यासाठीं हातांच्या क्ष-किरण-चित्रांना गुण देण्याची रीत मांडली. हाड किती कुरतडलें व सांध्यांतील फट किती आवळली, हें तींत पाहतात. पुढें डेझिरे व्हान डर हाइडे यांनीं पायांचे सांधेहि जमेस धरले. कमाल गुण झाले ४४८.

गुण आले कीं सरासरी काढण्याचा मोह आवरत नाहीं, आणि गफलत होते ती येथेंच. समजा, साध्या औषधावर दहा रोगी आहेत. वर्षभरांत आठांचे गुण जागचे हलले नाहींत, एकाचे ५ वाढले, एकाचे ३५. सरासरी ४! पण चार गुणांनीं बिघडलेला रोगी त्या दहांत एकहि नाहीं. मध्यक घ्यावा तर तो शून्य. म्हणजे ज्याचीं बोटें वांकलीं तोच गणितांतून नाहींसा.

म्हणून २००४ सालीं रॉबर्ट लान्देवे व व्हान डर हाइडे यांनीं सुचविलें कीं, कमी वाढीपासून अधिक वाढीपर्यंत प्रत्येक रोग्याचा ठिपका आलेखावर मांडावा. ठिपक्यांची ओळ बराच वेळ सपाट जाते आणि अखेरीस एकदम चढते. त्या चढावर कोण जाणार, हें आधीं ओळखणें हें खरें कठीण गणित. निदानाच्या वेळींच कुरतडलेलीं हाडें, रक्तांतील दाहसूचक प्रथिनाची वाढ, सिट्रुलिनविरोधी प्रतिपिंडें या खुणा एकत्र आढळल्या तर धोका अधिक धरतात. अशा रोग्याला जबर औषध वेळींच देतां येतें. उरलेल्या आठांनीं त्याचा उपद्रव कां सोसावा?