जुना मार, नवी लक्षणं

डोक्याला मार लागून वर्षं लोटली, आणि आता पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलत नाहीत, लघवी आवरत नाही, विसरणं वाढलंय. घरचे म्हणतात, वय झालं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर मेंदूत पाणी साचल्याची शंका घ्यावी. ते पाणी वळवणारी नळी (शंट) बसवल्यावर चाल अनेकदा सुधारते. अपस्माराचा पहिला झटकाही मार लागल्यावर वर्षांनंतर येऊ शकतो. नागपुरात ‘मेडिकल’ला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा मिहानच्या एम्सला जाताना जुन्या सीटी स्कॅनची फिल्म न्यावी, तुलनेला ती लागते. दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं तर आणखी एक अडचण: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूच्या इजेचं स्वतंत्र नाव नाही (हे खटकतंच). प्रमाणपत्रासाठी मागे राहिलेलं अपंगत्व कायद्यातल्या एखाद्या प्रकारात बसवावं लागतं.