पुसलेल्या नावांचा भार

संगणकाजवळ दोन प्रकारची स्मृती असते. एक कायमची, वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकून राहतो. दुसरी तात्पुरती, काम चालू असेपर्यंतच ती उपयोगी पडते. पहिलीला आपण कपाट म्हणू व दुसरीला मेज. कपाटात पुष्कळ वस्तू मावतात; परंतु काम करावयाचे म्हणजे हवी ती वस्तू मेजावर आणावी लागते. मेजावरची जागा कोणास, किती व कोठवर द्यावयाची, हे ठरविणे म्हणजेच स्मृतीची व्यवस्था होय. या व्यवस्थेत लहानशी उणीव राहिली तर केवढा अनर्थ ओढवतो, हे मंगळ ग्रहावर घडलेल्या एका प्रसंगावरून ध्यानात येईल.

अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने पाठविलेली ‘स्पिरिट’ नावाची सहा चाकांची स्वयंचलित गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरली. तिच्या संगणकाच्या कपाटात २५६ मेगाबाइट व मेजावर १२८ मेगाबाइट एवढी जागा होती. मंगळावरील ९० दिवस तिने काम करावे, अशी योजना होती. परंतु २१ जानेवारी रोजी ती एकाएकी अबोल झाली. पृथ्वीवरून तिला संदेश पोहोचण्यासच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. मग तेथे जाऊन दुरुस्ती कोण करणार?

पुढे जे तुटक संदेश आले, त्यांवरून अभियंत्यांना कळले की, संगणक सुरू होतो, मध्येच अडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. असे सुमारे ६० वेळा घडले होते. रात्री विसावा घ्यावयाचा, तर गाडी जागीच राहत होती व तिच्या विद्युत्घटांतील शक्ती झपाट्याने ओसरत होती. ती संपली असती, तर गाडी कायमचीच गमावली असती.

याचे कारण काय? कपाटातील फाइलींची एक यादी असते. संगणक सुरू होताच ती यादी मेजावर मांडली जाई. विद्यार्थी शाळा सोडून गेला, की पटावरील त्याच्या नावावर रेघ मारतात. परंतु त्या नावाची ओळ पटात तशीच राहते. येथेही तसेच होई. फाइल पुसली, तरी यादी आखूड होत नसे. सात महिन्यांच्या प्रवासात साठलेल्या फाइली आणि मंगळावरील रोजच्या नव्या फाइली यांमुळे यादी वाढत गेली व अखेर मेजावर मावेनाशी झाली. जागा न मिळाल्याने काम थबके. काम थबकले म्हणून संगणक स्वतःस पुन्हा सुरू करी. आणि सुरू होताच पुन्हा तीच यादी उघडू पाही! पृथ्वीवरील चाचण्या इतके दिवस सलग चाललेल्या नव्हत्या, म्हणून ही उणीव तेथे उघडकीस आली नाही.

सुदैवाने अभियंत्यांनी एक वाट मोकळी ठेवली होती. ‘कपाट न उघडताच काम सुरू कर’ अशी आज्ञा संगणकास देता येत असे. ती आज्ञा पाठविताच गाडी स्थिरावली. मग नको असलेल्या फाइली काढण्यात आल्या व पुढे कपाट पूर्णपणे रिकामे करून नव्याने लावण्यात आले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गाडी पुन्हा कामास लागली. त्यानंतर फाइलींची संख्या व शिल्लक जागा यांवर दक्षतेने लक्ष ठेवले जाऊ लागले. २५ जानेवारी रोजी मंगळावर उतरलेल्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ या जुळ्या गाडीसही हा धडा उपयोगी पडला.

नव्वद दिवसांसाठी गेलेल्या ‘स्पिरिट’चा अखेरचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला. जागा घेणे सोपे असते. काम सरताच ती परत करणे, आणि न मिळाल्यास काय करावे हे आधीच ठरवून ठेवणे, यातच सुव्यवस्थेची खरी कसोटी असते.