डिझेल गाडी ‘एअर’ धरते तेव्हा

गुंथर होल्टोर्फ या जर्मन गृहस्थांनी ‘ऑटो’ या मर्सिडीज ३०० जीडीमधून २०१४ पर्यंत सुमारे ९ लाख किलोमीटर जग पालथं घातलं, झोपायचंही गाडीतच. अशा जुन्या डिझेल गाडीत पंप, नोझल सगळं यांत्रिक, त्यामुळे रानातही पाना-पक्कडीवर भागतं.

तिचा ठरलेला आजार म्हणजे ‘एअर धरणं’. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते. नोझल उघडायला हवेच्या दाबाच्या शंभरपट जोर लागतो. डिझेल दबत नाही, हवा दबते. पंपाचा जोर बुडबुड्यातच जिरतो. मग सेल मारत बसणं म्हणजे बॅटरीचा बळी!

फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, हातपंप मारा. आधी फेस, मग फुसफुसणारे बुडबुडे, शेवटी सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. (हात माखणारच.)

एअर पुन्हापुन्हा धरत असेल, तर टाकी ते पंप हा पाइप तपासा. तिथे पंप डिझेल ओढतो. इंजिन चालू असताना फटीतून गळत नाही, हवा आत जाते. म्हणून गळतीचा डाग शोधण्यात वेळ घालवू नका. वायसर आणि क्लॅम्प आधी बदला.