संदेश-मध्यस्थ
संदेश-मध्यस्थ : एका आज्ञावलीने धाडलेला संदेश स्वीकारून तो दुसऱ्या आज्ञावलीस पोहोचेपर्यंत रांगेत राखून ठेवणारी संगणकीय प्रणाली. व्यवहारात हिला ‘मेसेज ब्रोकर’ म्हणतात. प्रेषक व ग्राहक एकाच वेळी चालू असण्याची गरज राहत नाही, हा हिचा मुख्य लाभ होय.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात वाहनांची जुळणी करणारे मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरविणारे अनेक लघुउद्योग आहेत. अशा लघुउद्योगात यंत्रावरील मोजणी, भांडारातील साठा व बीजके यांसाठी निरनिराळ्या आज्ञावली असल्यास आणि त्या परस्परांना थेट जोडल्यास एक बंद पडताच दुसरी अडते. मध्यस्थ असल्यास मोजणीचे संदेश रांगेत साठतात व साठ्याची आज्ञावली पुन्हा चालू होताच ते तिला क्रमाने मिळतात.

इतिहास : मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही संस्था स्थापून वित्तीय बाजारांतील माहिती विषयवार पोहोचविणारी ‘इन्फर्मेशन बस’ ही प्रणाली विकसित केली; १९९७ मध्ये त्यांनी टिब्को ही कंपनी स्थापन केली. आयबीएमची एमक्यूसिरीज १९९३ मध्ये, तर मुक्त स्वरूपाची रॅबिटएमक्यू २००७ मध्ये उपलब्ध झाली.

स्थापना : रॅबिटएमक्यू वैयक्तिक संगणकावर चालते. ती अर्लांग या भाषेत लिहिलेली असल्याने विंडोजवर प्रथम अर्लांगची अनुरूप आवृत्ती व नंतर मध्यस्थ बसवितात. आज्ञावली ५६७२ क्रमांकाच्या पोर्टवर जोडल्या जातात. व्यवस्थापनाचे जोडसाधन कार्यान्वित केल्यास १५६७२ या पोर्टवर रांगांची स्थिती ब्राउझरमध्ये दिसते. ‘गेस्ट’ हे मूळ खाते त्याच संगणकापुरते चालते. अन्य यंत्रे जोडण्यासाठी स्वतंत्र खाते व परवलीचा शब्द निर्माण करावा लागतो.

दक्षता : संदेश प्रथम ‘एक्स्चेंज’ या वाटप-विभागाकडे जातो. त्यास अनुरूप रांग जोडलेली नसल्यास, विशेष सूचना दिलेली नसेल तर, संदेश गुपचूप नष्ट होतो. वीज जाऊन संगणक बंद पडला तरी संदेश टिकावा यासाठी रांग व संदेश दोन्ही टिकाऊ म्हणून घोषित करावे लागतात. मध्यस्थाची पोच येईपर्यंत प्रेषकाने संदेश सुरक्षित झाला असे मानू नये. ग्राहकानेही काम पुरे झाल्यावरच पोच द्यावी. काम होऊन पोच देण्यापूर्वी संपर्क तुटल्यास तोच संदेश पुन्हा मिळतो व शंभर नगांची नोंद दोनशे होऊ शकते. म्हणून प्रत्येक संदेशास स्वतंत्र क्रमांक देऊन पुनरावृत्ती ओळखणे आवश्यक ठरते. स्मृती किंवा तबकडीवरील जागा मर्यादेपलीकडे खर्च झाल्यास मध्यस्थ नवे संदेश थोपवून धरतो.

एकाच संगणकावरील मध्यस्थ शिक्षण व चाचणी यांसाठी पुरेसा असतो. परंतु तबकडी निकामी झाल्यास रांगेतील सर्व संदेश जातात. उत्पादन ज्यावर अवलंबून आहे अशा ठिकाणी रांगेच्या प्रती किमान तीन संगणकांवर ठेवतात. त्यांपैकी एक बंद पडला तरी उरलेल्या दोहोंच्या बहुमतावर काम चालू राहते.