निळ्या मोत्यांची कुडी

श्रोतेहो, कानांतली कुडी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पांढऱ्याशुभ्र मोत्यांचें फूल उभें राहतें. परंतु अलीकडे लहान सराफांच्या दुकानांतून निळ्या मोत्यांच्या कुड्याहि दिसूं लागल्या आहेत. त्या हातांत घेतांच गृहिणी पहिला प्रश्न विचारते, "हे मोती खरे आहेत का हो?" प्रश्न लहान आहे, पण त्याचें प्रामाणिक उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. तें उत्तर कसें द्यावें व कसें मागावें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ठाकुर्लीसारख्या गांवांतलें एखादें चिमुकलें दुकान कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधलें हें स्टेशन. आगगाड्यांना वीज पुरविणारें रेल्वेचें वीजघर येथें १९२९ सालीं सुरू झालें. तें आतां बंद पडलें आहे, आणि भोंवतीं नोकरदारांची दाट वस्ती झाली आहे. येथलें गिऱ्हाईक लोकलमध्यें बसलें कीं मशीद स्टेशनावर उतरून थेट जव्हेरी बाजारांत पोंचतें. त्या बाजारांतील पेढ्यांशीं लहान दुकानदाराला चढाओढ करावयाची, ती हातच्या कामानें आणि शब्दाच्या सचोटीनें.

प्रथम हातचें काम पाहूं. कुडीचें साधें रूप म्हणजे मध्यें एक मोती आणि भोंवतीं सहा. एका वर्तुळाभोंवतीं तेवढ्याच मापाचीं बरोबर सहा वर्तुळें बसतात, हा भूमितीचा नियम आहे. म्हणून सातांपैकीं एक मोती जरी केसभर मोठा निघाला, तरी फुलाला फट पडते. जोडीला असे चौदा मोती लागतात, आणि ते मापाप्रमाणें रंगानें व पाण्यानेंहि जुळावे लागतात. निळ्या मोत्यांत हें विशेष कठीण. एकाच सरांतला एक मोती राखी झांक दाखवितो, तर दुसरा हिरवट. कारागीर पांढऱ्या कापडावर सर पसरून दिवसाच्या उजेडांत निवड करीत बसतो, तें याचसाठीं.

मोती बहुतांशीं चुन्याच्या जातीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, असतो. त्याला धग सोसत नाहीं आणि आम्लहि सोसत नाहीं. म्हणून सोन्याची बैठक, मागची दांडी व फिरकी हीं सर्व झाळून, आम्लांत उजळून, स्वच्छ धुऊन झाल्यावरच मोत्याला हात लावतात. भोंक अर्धें एका बाजूनें आणि अर्धें दुसऱ्या बाजूनें पाडतात. एकाच बाजूनें आरपार गेल्यास पलीकडच्या तोंडाशीं पापुद्रा उडतो. शेवटीं बारीक सोन्याच्या तारेंत एकेक मोती ओंवून ती तार बैठकीमागें पिळून घेतात. ती सैल राहिली तर मोती हलून झिजतो, फार ताणली तर तुटते. ही मजुरी सोन्याच्या तराजूंत दिसत नाहीं. तिचा आंकडा वेगळा सांगणें हेंच योग्य.

आतां निळा रंग येतो कोठून? जपानमधील अकोया शिंपल्याच्या मोत्यांत तकतकीत थराखालीं सेंद्रिय द्रव्य सांचलें कीं मोती निसर्गतःच निळसर राखी दिसतो. फ्रेंच पॉलिनेशियांतील काळ्या ओठाच्या शिंपल्यांतहि निळ्या झांकेचे मोती मिळतात. हे महाग असतात. स्वस्त कुडींत बहुधा गोड्या पाण्यांतले मोती असतात. त्यांचे स्वाभाविक रंग पांढरा, नारिंगी व जांभळट. तेव्हां तेथें गडद निळा दिसला कीं तो मागाहून दिलेला समजावा. कधीं तो रंगद्रव्यानें देतात. अशा वेळीं भिंगांतून पाहिल्यास भोंकाच्या कडेशीं रंग दाटलेला आढळतो. कधीं गॅमा किरणांनीं मोती गडद करतात. त्यामुळें मोती स्वतः किरणोत्सर्गी होत नाहीं, हें भीति वाटणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणि कांच किंवा प्लॅस्टिकच्या मण्यावर मुलामा चढविलेला असेल, तर तो मोतीच नव्हे. दातावर हलकेंच घांसला असतां खरा मोती रवाळ लागतो, नकली बहुधा गुळगुळीत.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. निळ्या कुडीच्या हौसेपायीं आजीची जुनी कुडी मोडीत देण्याचा विचार कित्येक घरांत होतो. पूर्वी इराणच्या आखातांतील मोती मुंबईस येत, येथें चाळण्यांनीं मापून, प्रत लावून, भोंकें पाडून परदेशीं जात. त्यांनाच आपण बसऱ्याचे मोती म्हणतों. जपानमध्यें मिकिमोतो यांनीं १८९३ सालीं शिंपल्यांत मुद्दाम बीज घालून अर्धगोल मोती मिळविला. पुढें गोल संवर्धित मोती बाजारांत आले, त्यांतच १९२९ नंतरची मंदी आली, आणि आखातांतील पाणबुड्यांचा धंदा बसला. म्हणून जुन्या कुडींतले मोती आज दुर्मिळ असूं शकतात. मोडींत केवळ सोन्याचें वजन धरलें, तर ते फुकट जातात. दाताची परीक्षा येथें उपयोगी नाहीं, कारण संवर्धित मोतीहि रवाळच लागतो. आंतली रचना क्ष-किरणांनीं पाहावी लागते, आणि तशा प्रयोगशाळा मुंबईंत आहेत. ती परीक्षा होईपर्यंत जुनी कुडी मोडूं नये.

नवी कुडी घेतल्यावर ती जपावी कशी, हें थोडक्यांत सांगतों. अत्तर व तेल लावून झाल्यावर शेवटीं कुडी घालावी, काढल्यावर मऊ कापडानें पुसावी, आणि सोनें उजळावयाचें म्हणून चिंचेच्या पाण्यांत कधींहि टाकूं नये. चिंचेच्या आंबटपणानें मोत्याचें पाणी जातें.

आतां पुन्हां त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊं. चांगला दुकानदार म्हणेल, "बाई, मोती गोड्या पाण्यांतले, संवर्धित आहेत, खरे आहेत, पण निळा रंग मागाहून दिलेला आहे. सोनें इतकें, मजुरी इतकी." एवढें तो तोंडानें सांगेल आणि पावतीवरहि लिहून देईल. असें ऐकून एखादें गिऱ्हाईक परत जाईलहि. पण जें घेऊन जाईल, तें उद्यां मुलीच्या लग्नाला त्याच दुकानाची पायरी चढेल. म्हणून श्रोतेहो, मोत्यांचा रंग आपल्या आवडीनें निवडा. मात्र तो रंग कोठून आला, हें पावतीवर लिहून घेतल्यावांचून दुकान सोडूं नका.