बारामतीची सावली, इंदापूरची दोन मिनिटं

इंदापूरहून भीमा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले रुजू झाले, तेव्हा शाळेला लागून गुरांचा गोठा होता. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या या प्राथमिक शिक्षकाला ३ डिसेंबर २०२० रोजी १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून दिली. त्या बातमीचा आनंद मला आजही होतो. पण सहावी ते आठवीला वीस-पंचवीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्यांचं काम कुणाच्या नजरेस पडतं?

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिला जातो. रौप्यपदक, मानपत्र, ५०,००० रुपये. पूर्वी शिफारस खालून वर जायची. २०१८ पासून शिक्षक स्वतः पोर्टलवर अर्ज भरतो, फोटो-व्हिडिओ जोडतो. बदल चांगलाच आहे, साहेबांच्या मर्जीवाचून नाव पुढे जाऊ शकतं. मात्र विज्ञानाच्या चांगल्या तासाचा पुरावा मागे उरतोच असं नाही.

शून्य सावलीचाच तास घ्या. बारामती-इंदापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १८.१ अक्षांशावर. सूर्य इथे वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलै संपता संपता. मे महिन्यात शाळेला सुट्टी. जुलैत ढग, पण हा पर्जन्यछायेचा मुलूख, ढग फाटण्याची आशा असते. पटांगणात प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा उभा केला की त्याची सावली आखडत आखडत बुडाशी येते आणि दिसेनाशी होते. घड्याळात मात्र तेव्हा १२ नव्हे, १२ वाजून ३८ मिनिटांच्या आसपास झालेले असतात. का? आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशाची वेळ दाखवतात, म्हणून. इंदापूर बारामतीच्या पूर्वेला, तिथे हीच घटका सुमारे दोन मिनिटं आधी येते. दोन्हीकडच्या शाळांनी फोन लावून वेळा ताडून पाहिल्या, तर पृथ्वी फिरते हे आठवीच्या पोराला पाठ करावं लागत नाही. खर्च म्हणाल तर एका फोनचा.

ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या आवारात २०२२ साली सुरू झालेलं बारामतीचं विज्ञान केंद्र मुलांनी पाहावंच. पण सहलीचा एक दिवस आणि रोजची पस्तीस मिनिटं, यांत माझा जीव दुसऱ्यात अडकतो.

कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मुलंही. या मुलांना इथली जुलैची सावली सापडत नाही. हंगाम आटोपून ती घरी परततात, तेव्हा बीडचा सूर्य डोक्यावर यायला थोडेच दिवस उरलेले असतात. तिथे तो मेच्या मध्यावर येतो. जाणत्या शिक्षकाने निघणाऱ्या पोराच्या वहीत तेवढी तारीख लिहून द्यावी. पुढे ते पोर भर दुपारी अंगणात काठी रोवून बसेल, तेव्हा फोटो काढायला तिथे कुणी नसेल.