चार आठवड्यांची आर्मी

हिटलर टेबलाशी बसून तारस्वरात ओरडतोय आणि खाली सबटायटल्समध्ये त्याचा राग इंटर्नल मार्कांवर नाहीतर आयपीएलवर निघतोय, असं एखादं मीम तुमच्याही ग्रुपवर येऊन गेलं असेल. तो सीन 'डाउनफॉल' या २००४ च्या जर्मन सिनेमातला. मूळ प्रसंग २२ एप्रिल १९४५ चा. रशियन फौजा बर्लिनमध्ये शिरताहेत आणि श्टायनर नावाच्या सेनापतीने हल्ला केलेलाच नाही, हे हिटलरला कळतं. मीम इथे संपतं. त्यानंतर बंकरमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच नाव उरलं : वेंक.

वाल्टर वेंक तेव्हा ४४ वर्षांचा होता. फेब्रुवारीत दमलेल्या ड्रायव्हरला झोपू देऊन तो स्वतः गाडी चालवायला बसला, त्यालाच डुलकी लागली आणि गाडी आदळली. मोडलेल्या बरगड्या पुरत्या सांधल्या नव्हत्या, तोवर १० एप्रिलच्या सुमारास त्याच्याकडे नवी 'बारावी आर्मी' आली. नाव भारदस्त, पण आत काय? ट्रेनिंग अर्धवट राहिलेले कॅडेट आणि सक्तीच्या श्रमसेवेतून उचललेली सतरा-अठरा वर्षांची पोरं. म्हणजे तुमच्या एफवायच्या वर्गाएवढी. काही डिव्हिजनना नावं दिली होती नेपोलियनच्या काळातल्या वीरांची. त्यातलाच एक थिओडोर क्योर्नर, एकविसाव्या वर्षी लढाईत मेलेला कवी. त्याच्या नावाखाली सतरा वर्षांच्या मुलांना रणगाड्यांसमोर उभं करायचं, यातली क्रूर गंमत तेव्हा कुणाला बोचली की नाही कोण जाणे.

ही आर्मी एल्ब नदीवर अमेरिकनांना अडवायला होती. २२ एप्रिलच्या रात्री फिल्डमार्शल कायटेल स्वतः वेंककडे आला : अमेरिकनांकडे पाठ फिरव, बर्लिनकडे निघ, फ्युररला सोडव. वेंकने हुकूम मानला. निदान तसं दिसलं तरी. आर्मी पूर्वेकडे वळली. पण एवढ्या बळावर बर्लिन सुटणार नाही, हे त्याला दिसत होतं. त्याने वेगळंच ठरवलं. वेढ्यात अडकलेल्यांसाठी वाट उघडायची, त्यांना घेऊन एल्बकडे परतायचं आणि अमेरिकनांच्या हाती जायचं.

पोरांनी बेलित्सचं हॉस्पिटल गाठलं. तिथले सुमारे तीन हजार जखमी बाहेर निघाले. २८ एप्रिलला आघाडी पोट्सडामच्या दक्षिणेला फेर्श गावी पोचली. बर्लिन तीसेक किलोमीटरवर. तिथेच ती थांबली. २९ तारखेला बंकरमधून विचारणा होत होती, वेंकची आघाडी कुठवर आली? ३० ला हिटलरने स्वतःला संपवलं. वेंकचे लोक मात्र जागा धरून बसले होते, कारण हाल्बच्या जंगलातल्या वेढ्यातून नववी आर्मी येत होती. १ मेला तिचे सुमारे पंचवीस हजार सैनिक बाहेर पडले. त्यांच्यासोबत बायका होत्या, मुलं होती.

आता थोडं थांबा, वेंकला हिरो करून मोकळं होऊ नका. याच जर्मन सैन्याने सोव्हिएत भूमीवर लाखो माणसं मारली होती, गावंच्या गावं जाळली होती. रशियनांच्या सूडाची धास्ती घेऊन लोक पश्चिमेकडे पळत होते, त्यामागे हा हिशेबही होता. आणि वेंक बरीच वर्षं त्याच सैन्याचा मोठा अधिकारी होता. एल्बच्या काठावरची कामगिरी खरी, तसं हेही खरं.

४ मेला श्टेंडालमध्ये अमेरिकनांशी बोलणी झाली. अट विचित्र होती : सैनिकांनी यावं, शरण यावं, नागरिकांना मात्र बंदी. पूल बांधायलाही मदत मिळणार नाही. टांगरम्युंडचा पूल जर्मनांनीच एप्रिलमध्ये उडवलेला. त्याच्या वाकलेल्या लोखंडावर फळ्या टाकून माणसं एकामागून एक सरकू लागली. ५ ते ७ मे, तीन दिवस. रशियन तोफांचे गोळे इतके जवळ पडू लागले की अमेरिकन पहारे थोडे मागे सरले आणि त्या गडबडीत हजारो नागरिकही पार झाले. सैनिक होते सुमारे लाखभर.

हे चालू असताना पूर्वेच्या काठावर रशियनांना कुणी थोपवून धरलं होतं? त्याच पोरांनी. तिथली जागा तासातासाला आक्रसत होती आणि पूल ओलांडायची पाळी त्यांच्यावर सगळ्यात शेवटी येणार होती. त्यातली काही पोरं पुलापर्यंत पोचलीच नाहीत. ७ मेच्या संध्याकाळी वेंक नदीपार झाला आणि बारावी आर्मी संपली. दुसऱ्या दिवशी युरोपातलं युद्धही.